राखून ठेवलेला बेड

हॉस्पिटलात माझं टेबल पहिल्या मजल्यावर होतं, लिफ्टच्या बरोबर समोर. टेबलावर एक फोन, एक कॉम्प्युटर, आणि मागे भिंतीवर तिथी-वार दाखवणारं कॅलेंडर. पाटीवर इंग्रजीत काहीतरी भारदस्त लिहिलं होतं, पण सगळे त्याला बेड डेस्कच म्हणायचे. पेशंटला दाखल करायचं की नाही, हे डॉक्टर ठरवत. दाखल करायचं ठरल्यावर तो वर कधी जाणार आणि कोणत्या बेडवर, हे मी ठरवायचे. एकोणीस वर्षं हेच केलं. एकदा, एका बुधवारी, मी एक बेड काही तास राखून ठेवला आणि खाली कॅज्युअल्टीत एक माणूस खुर्चीवर बसून राहिला. त्याचं काय झालं ते लिहायचं आहे. बाकी जे येईल ते त्याच्यासाठीच आहे.

लोकांना वाटतं, कॅज्युअल्टीत ताटकळावं लागतं ते खाली गर्दी झाली म्हणून. मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं. खरं म्हणजे खालचा खोळंबा वरून येतो. आमच्या कॅज्युअल्टीत मॉनिटर लावलेल्या आठ कॉट होत्या. एखाद्याला दाखल करायचं ठरलं, चिठ्ठी झाली, की तो कागदावर वॉर्डाचा पेशंट होतो. पण वर बेड रिकामा नसेल तर खालच्या कॉटवरच पडून राहतो. मग नवीन आलेल्याला कॉट मिळत नाही. कार्यालयात पहिली पंगत उठली नाही की दुसऱ्या पंगतीचे लोक जेवणाऱ्यांच्या पाठीमागे उभे राहतात, तसंच. फरक इतकाच, की इथे उभं राहणाऱ्याची तब्येत बरी नसते.

आणि वरचे लोक उठत का नाहीत? डॉक्टर सकाळी राउंडला येऊन म्हणतात, जा घरी. मग कागद टाइप होतात, उरलेली औषधं परत जातात, न्यायला येणारा मुलगा ऑफिसातून हाफ डे काढून येतो, तोवर जेवणं होतात, मग पेशंटचा डोळा लागतो. संध्याकाळ होते. हे रोजचं. यावर बैठका होत. पण कोणत्याही बैठकीत न आलेली एक गोष्ट होती, ती मला भिंतीवरच्या कॅलेंडरने शिकवली.

अमावस्येला कोणी घरी जात नाही. पाय धरून डिस्चार्ज मागणारी माणसंसुद्धा त्या दिवशी म्हणतात, "डॉक्टर, आज राहू दे, उद्या सकाळी नेतो." कारण कोणी सांगत नाही. अशक्तपणा वाटतो म्हणतात, रात्री ताप होता म्हणतात. आणि ठरलेल्या ऑपरेशनसाठी दाखल व्हायचं असेल तर तेही त्या दिवशी येत नाहीत, किंवा अमावस्या संपायची वेळ बघून येतात. गणपतीच्या आदल्या दिवशी उलट होतं, अर्धं हॉस्पिटल रिकामं. मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा करायचे. नवे व्यवस्थापक आले, त्यांनी मोठ्या पडद्यावर रंगीत आलेख लावले. त्यांचा अंदाज चुकायचा आणि माझा बरोबर यायचा. ज्युनिअर डॉक्टर मला पंचांगवाल्या मॅडम म्हणायचे. मी वरवर चिडायचे. आतून मला ते फार आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तर त्या बुधवारी अमावस्या होती. दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी संपणारी. सकाळी आल्याआल्या मी कॅलेंडर पाहिलं आणि मनात म्हटलं, आज कोणी हलत नाही. तसंच झालं. अकरा वाजेपर्यंत सात डिस्चार्ज ठरले होते, त्यातले पाच "उद्या" झाले. खाली आठही कॉट भरल्या होत्या. त्यातल्या चौघांना दाखल करायचं ठरून तास-दोन तास उलटले होते.

पैकी एक मांजरी गावाहून आलेल्या आजी होत्या. न्यूमोनिया, नाकाला ऑक्सिजन. दहा वाजता त्यांची चिठ्ठी झाली होती. त्यांचा मुलगा तीनदा जिना चढून माझ्याकडे आला. उसाच्या पट्ट्यातला उंचापुरा माणूस, टोपी हातात धरून उभा राहायचा.

"मॅडम, म्हातारीला वर कवा न्यायचं? सकाळधरनं हितंच हाय."

"बेड झाला की नेतो."

"कवा व्हईल?"

"झाला की."

माझं बोलणं असंच होतं. एकोणीस वर्षांत माणूस तुटक होतो. त्यात मी पेठेतली, तोडून बोलायची सवय घरातूनच घेऊन आलेली.

तिसऱ्या मजल्यावर एक बेड मात्र रिकामा होता. तो गुडघा बदलायच्या ऑपरेशनच्या एका पेशंटसाठी ठेवलेला. ऑपरेशन गुरुवारी सकाळी, दाखल व्हायचं बुधवारी बाराला. असे ठरलेले बेड आधी बाजूला काढून ठेवायचे, ही पद्धत होती, नाहीतर खालून येणारे पेशंट सगळेच बेड घेतात आणि सर्जन ओरडतात. पण नियमाला शेपूट होतं: दोन वाजेपर्यंत पेशंट आला नाही तर बेड कॅज्युअल्टीला द्यायचा. ही ओळ मीच सुचवली होती.

साडेअकराला माझा मोबाइल वाजला. ठरलेल्या पेशंटांना मी माझा नंबर देऊन ठेवायचे, सोयीचं पडायचं. गुडघ्याच्या आजोबांच्या पत्नी बोलत होत्या. कसब्यातलं जुनं घर. आमच्या माहेरच्या गल्लीपासून दोन गल्ल्या पलीकडे. फार गोड बोलल्या.

"अहो, एक विचारायचं होतं. आज अमावस्या आहे ना, ती चार वीसला संपते. त्यानंतर आणलं यांना तर चालेल का? आपण समजून घ्याल म्हणून म्हटलं."

मी कॅलेंडरकडे बघितलं. सकाळीच मी त्या चौकोनात पेन्सिलीने '४.२० नंतर' असं लिहिलेलं होतं. हा फोन येणार हे मला माहीत होतं. तो आला, आणि मला बरं वाटलं. परीक्षेत वाचलेलाच प्रश्न आला की वाटतं, तेवढंच.

"हो, या की," मी म्हणाले. "बेड ठेवते."

दोन वाजले. दोनला मी काहीच केलं नाही. नियम मला पाठ होता. मी डबा खाल्ला. भेंडीची भाजी होती.

आता खालचं. हे मला नंतर कळलं, पण क्रमाने सांगते. दीडच्या सुमाराला खराडीहून एक जोडपं आलं. तो चाळिशीतला, एका आयटी कंपनीत कामाला. मूळचे दोघं नागपूरकडचे, पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये. त्याला सकाळपासून छातीत जळजळत होतं. ॲसिडिटी म्हणून गोळी घेऊन तो कामाला बसला, मग घाम आला म्हणून बायकोने ओढून आणला. आला तो चालत. ईसीजी काढला, त्यात काही नव्हतं. रक्त तपासायला पाठवलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: मॉनिटरवर ठेवा, थोड्या वेळाने ईसीजी पुन्हा काढा. बरोबर लिहिलं. पण मॉनिटर कॉटला असतो, आणि आठही कॉटवर माणसं होती. त्यातली चार कागदावर कधीच वर गेलेली होती.

म्हणून तो खुर्चीवर बसला. कॉरिडॉरमध्ये, भिंतीला लागून, तीन खुर्च्यांतल्या मधल्या खुर्चीवर.

तीन वाजता कॅज्युअल्टीच्या सिस्टरचा फोन आला. केरळची मुलगी, मराठी झकास बोलायची.

"ताई, एक तरी बेड द्या हो. मांजरीच्या आजींना वर घ्या. दोघं खुर्चीवर आहेत माझ्याकडे, एकाला मॉनिटर लावायचाय."

"चालत आलेत का?"

"हो, चालत आलेत, पण—"

"मग बसू देत थोडं. पाचपर्यंत होतंय."

तिने "बरं ताई" म्हटलं आणि फोन ठेवला. या बोलण्याला अर्धं मिनिटही लागलं नसेल. असे फोन दिवसाला वीस-पंचवीस यायचे, आणि प्रत्येकात कोणी ना कोणी खुर्चीवर असायचंच. माझ्या कॉम्प्युटरवर वॉर्ड दिसायचे, बेड दिसायचे, खालच्या आठ कॉटही दिसायच्या. खुर्च्या दिसत नसत. त्यांना नंबरच नव्हते.

चारच्या सुमाराला त्याची बायको रिपोर्ट आला का विचारायला काउंटरवर गेली. तिथे रांग होती. ती परत आली तेव्हा तो भिंतीला डोकं टेकून बसला होता. तिला वाटलं, झोप लागली. शेजारी बसलेल्या माणसालाही तसंच वाटलं होतं. ती त्याच्या बाजूला बसली, पाण्याची बाटली उघडली, आणि त्याला हाक मारली.

पुढचं सगळं जसं असतं तसं झालं. वॉर्डबॉय मामांनी त्याला उचललं, एका पेशंटला कॉटवरून खाली घेऊन त्याला तिथे ठेवलं, छाती दाबली, शॉक दिले. पस्तीस-चाळीस मिनिटं प्रयत्न केले. तो गेला.

याच वेळात लिफ्टमधून गुडघ्याचे आजोबा वर आले. काठी टेकत, सावकाश. मागे बायको, मुलगा, चाकाची सूटकेस, पाणी गरम करायची किटली. कॉम्प्युटरवर मी बेडचा रंग बदलला. काकूंनी मला हात जोडले. त्याच्या थोड्या आधी एक डिस्चार्ज एकदाचा झाला होता, म्हणून मांजरीच्या आजीही वर गेल्या. पाचपर्यंत होतंय म्हटलं होतं, आणि पाचच्या आत झालं. माझा अंदाज बरोबर आला होता.

खाली काय झालं ते मला सहाला कळलं, निघताना. सिस्टरने सांगितलं. ती रडत नव्हती, नुसती हातमोजे काढत होती आणि पुन्हा घालत होती.

"ताई, तो खुर्चीवरचा," ती म्हणाली.

मी "अरेरे" म्हटलं. खरं सांगायचं तर मला काही वाटलं नाही. हॉस्पिटलात माणसं जातात. मी बस पकडली, वाटेत कोथिंबीर घेतली, घरी येऊन आमटी टाकली. झोपही लागली. याचीच मला नंतर जास्त भीती वाटली, की झोप कशी लागली.

मग बैठक झाली. कोणी कोणाच्या नावाने खडे फोडायचे नाहीत, फक्त काय घडलं ते बघायचं, अशा प्रकारची. पडद्यावर वेळा लिहून लावल्या होत्या. डॉक्टरांचं बरोबर होतं, सिस्टरचं बरोबर होतं. दहा वाजता आजींना दाखल करायचा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांचंही बरोबर होतं, उलट त्यांनी चटकन ठरवलं म्हणून त्यांचं कौतुकच झालं. त्यांचं चटकन ठरवणं कोणाच्या कामी आलं नाही, हे कोणी बोललं नाही. मग व्यवस्थापकांनी माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, तिसऱ्या मजल्यावरचा बेड दोनला सोडायला हवा होता ना?"

"निघालोय म्हणाले होते," मी म्हणाले. "येतीलच म्हणून थांबले."

हे खोटं होतं. फोन माझ्या मोबाइलवर आलेला, कुठेही नोंद नव्हती. अमावस्येचं नाव मी काढलं नाही. त्यांनी 'पेशंट उशिरा आला' असं टाइप केलं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. माझ्या तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही. मी इतकी सराईत आहे हे मलाही माहीत नव्हतं.

बैठकीनंतर कॅज्युअल्टीच्या मोठ्या डॉक्टरांना मी जिन्यात गाठलं आणि विचारलं, "मॉनिटर असता तर वाचला असता का हो तो?"

ते दोन पायऱ्या खाली उतरले होते. तिथूनच म्हणाले, "ते सांगता येत नाही. पण दिसलं असतं."

तीन आठवड्यांनी त्याची बायको फाइलची प्रत न्यायला आली. रेकॉर्ड विभागाने तिला चुकून माझ्याकडे पाठवलं. की चुकून नाही, कोणास ठाऊक. साधा पंजाबी ड्रेस, हातात प्लास्टिकचं फोल्डर, सगळे कागद नीट लावलेले. मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"मला कोणी काही सांगूनच नाही राहिलं," ती म्हणाली. "इकडून तिकडे पाठवतात. तुम्ही बेडचं बघता ना? त्या दिवशी बेड खरंच नव्हता का?"

"नव्हता," मी म्हणाले.

"साडेचारला एक आजोबा लिफ्टने वर गेले. काठी घेऊन चालत होते. सूटकेस होती त्यांच्याजवळ. मी खालीच उभी होते तेव्हा, आत ते लोक यांची छाती दाबत होते. मी त्या सूटकेसकडेच बघत होते. त्यांना मिळाला ना बेड?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं, रागाला उत्तर द्यायची मला सवय आहे.

"त्यांचा आधीपासून ठरलेला होता," मी म्हणाले.

तिने मान हलवली, जसं काही हे समजण्यासारखं आहे.

"हो का," ती म्हणाली. "आमचं ठरलेलं नव्हतं."

फोल्डर छातीशी धरून ती लिफ्टकडे गेली, मग लिफ्टला वेळ लागतो म्हणून जिन्याने उतरली. त्या क्षणी मला पहिल्यांदा काहीतरी झालं. रडू नाही. हातातलं पेन कुठे ठेवायचं हे सुचेना, असं काहीतरी. तिला हाक मारून खरं सांगावं असं वाटलं. फोनचं, चार वीसचं, सगळं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला, आणि मी तो उचलला. पुढे किती दिवस मी तिचा पत्ता फाइलमधून काढायचा विचार करत होते. काढला नाही.

कॅलेंडरवर खुणा करणं मी बंद केलं. मुद्दाम असं नाही, पहिली तारीख आली आणि पेन्सिल घेतली नाही. व्यवस्थापकांचे आलेख चुकत राहिले. दोनच्या ठोक्याला मी बेड सोडू लागले, कोणी कितीही गोड बोललं तरी. सर्जन ओरडले. ओरडू देत म्हटलं.

गुडघ्याचे आजोबा तपासणीला आले, साधारण दीड महिना झाला असेल. काठी नव्हती. लिफ्टमधून बाहेर पडून दोघं सरळ माझ्या टेबलापाशी आले. काकूंच्या हातात पेढ्यांचा पुडा.

"घ्या," आजोबा म्हणाले. "जिना चढलो काल. घरचा."

"वा," मी म्हणाले.

"यांना म्हटलं, आधी बाईंना पेढा द्यायचा," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही किती समजून घेतलंत. दुसरं कोणी असतं तर ऐकलंच नसतं."

आजोबा हसले. पेठेतल्या निवृत्त माणसांचं असतं तसं हसणं, बायकोच्या बोलण्यावर बारीक शेरा मारायच्या आधीचं.

"अहो, मी कुठलं काय मानतोय," ते म्हणाले. "साडेअकराला बॅग डिकीत होती, मुलगा गाडी सुरू करून बसला होता. हिच्या बहिणीचा फोन आला, आज अमावस्या आहे म्हणून, तर ही म्हणाली, विचारून तर बघू, नाही म्हणाले तर निघू. तुम्ही हो म्हणालात. मग बॅग परत वर आणली आणि जेवून झोपलो मस्त."

"सहज विचारलं हो," काकू म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणाला असतात तरी आम्ही लगेच निघालो असतो. तुमची अडचण तर नाही ना झाली काही?"

मी दोघांकडे बघितलं. भली माणसं होती. त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि आता सांगून त्या गुडघ्याचं काय करायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. "अडचण कसली."

काकूंनी पुडा माझ्यापुढे आणखी जवळ धरला. मी एक पेढा घेतला. त्या तिथेच थांबल्या होत्या, मी खाईपर्यंत, म्हणून खाल्ला.